लेकराच्या वाटीत घट्ट वरण हवं

हदगाव तालुक्यातल्या घरांत लेकराचं उष्टावण सहसा वेळेवर होतं. उशीर होतो तो खऱ्या जेवणाला. खिरीचं बोट चाटवलं की पुढचे कित्येक महिने लेकरू वरणाचं पाणी, भाताची पेज, चहात बुडवलेलं बिस्कीट आणि वाटीभर दूध यांवर काढतं. आई कापूस वेचायला नाहीतर हळदीच्या रानात, घरी आजी. आजीला वाटतं, अजून दात आले नाहीत, घट्ट दिलं तर बाधेल. तिच्या मायेत काही उणं नाही. पण नेमक्या याच महिन्यांत लेकराच्या अंगातलं रक्त कमी होत जातं, आणि चेहरा पांढुरका पडून ते आपल्या लक्षात येईपर्यंत बराच काळ निघून गेलेला असतो.

म्हणून इथे सगळा भर सहा महिने ते दोन वर्षं या वयावर आहे. रक्तक्षय मोठ्या मुलांनाही होतो, वयात येणाऱ्या मुलींना तर फारच. पण बोलणं, चालणं, माणसं ओळखणं, एखाद्या गोष्टीकडे टक लावून बघणं हे सगळं ज्या मेंदूतून होतं, तो या दीड वर्षात झपाट्याने वाढत असतो आणि त्या वाढीला लोह लागतं. रक्तातली तूट औषधाने पुढेही भरून काढता येते. मेंदूच्या वाढीत राहिलेली उणीव पूर्ण भरून निघेलच, याची खात्री कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६८.९ टक्के मुलांचं हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली निघालं. त्याआधीच्या फेरीत (२०१५–१६) हाच आकडा ५३.८ टक्के होता. या सर्वेक्षणात बोटाला टोचून रक्त घेतात आणि त्यात आकडा फुगतो, असं काही तज्ज्ञ म्हणतात. त्यात तथ्य आहे. देशपातळीवरच्या दुसऱ्या एका सरकारी पाहणीत (२०१६–१८) शिरेतून रक्त घेतलं होतं, तेव्हा एक ते चार वर्षांच्या मुलांत प्रमाण ४१ टक्क्यांच्या आसपास आलं. म्हणजे हात आखडून मोजलं तरी दर पाच लेकरांत दोघांना रक्त कमी. आपल्या अंगणवाडीत, आपल्या भावकीत, कदाचित आपल्याच ओसरीवर ती दोघं आहेत, असं धरूनच चालायला हवं.

रक्त कमी का होतं?

पूर्ण दिवसांचं बाळ आईच्या पोटातून लोहाचा साठा बरोबर घेऊन येतं. तो साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधात लोह थोडं असतं, पण जेवढं असतं तेवढं बाळाला चांगलं लागू पडतं, म्हणून पहिले सहा महिने फक्त आईचं दूध पुरेसं. पाणीसुद्धा नको, गुटी नको. सहाव्या महिन्यानंतर मात्र साठा आटतो, वजन वाढत असतं, नवं रक्त बनवायला लोह हवं असतं आणि ते आता ताटातूनच यायला लागतं. ताटात वरणाचं पाणी असेल तर येणार कुठून?

काही बाळांचा साठा मुळातच कमी असतो. कमी दिवसांचं बाळ, अडीच किलोच्या आत जन्मलेलं बाळ, जुळी बाळं यांचा साठा दोन-तीन महिन्यांतच संपतो. अशा बाळांना लोहाचे थेंब लवकर सुरू करावे लागतात. बाळंतपणानंतर डॉक्टरांना हे आवर्जून विचारा. आईचंच रक्त कमी असेल तर बाळालाही वाटा कमी मिळतो, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला आहे. त्यामुळे गरोदरपणातल्या लाल गोळ्या चुकवू नका. ती बाळाच्या पहिल्या सहा महिन्यांची शिदोरी आहे. आणखी एक, दवाखान्यात बाळंतपण होत असेल तर नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटं थांबून कापली की बाळाला जास्तीचं रक्त मिळतं. यात खर्च काहीच नाही, फक्त आधी बोलून ठेवावं लागतं.

एरवी रक्तक्षयाचं खापर सरळ आईवर फोडलं जातं. ते मला मान्य नाही. पहाटे उठून भाकऱ्या थापून रानात जाणाऱ्या बाईने दिवसातून चार वेळा लेकराला भरवायचं कसं? लेकराचं जेवण हे घरातल्या सगळ्यांचं काम आहे. दुपारचं भरवणं आजीने, संध्याकाळचं बापाने, असं वाटून घेतलं तरच पुढे सांगितलेलं काही जमेल.

भरवायचं काय आणि किती

पहिली कसोटी चमच्याची. अन्न चमच्यावर घेतलं आणि चमचा जरा कलता केला तर ते ओघळून जायला नको. वरण असेल तर पातेल्याच्या तळाची घट्ट डाळ घ्या, वरचं पाणी नको. लेकराचं पोट मुठीएवढं. ते पाण्याने भरलं तर अन्नाला जागा उरत नाही. दातांची वाट बघू नका, मऊ कुस्करलेलं अन्न हिरड्यांनी छान चावलं जातं.

सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय दिवसातून दोन-तीन वेळा, सुरुवातीला दोन-तीन चमचे आणि हळूहळू अर्धी वाटी. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा, अर्धी वाटी. वर्षानंतर तीन-चार वेळा पाऊण ते एक वाटी, शिवाय मधे एक-दोनदा काहीतरी खाऊ. ही वाटी मोठी, साधारण पाव लिटरची. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत चालूच.

आपल्या भागातलं अन्न या कामाला उत्तम आहे. ज्वारीची ताजी भाकरी बारीक कुस्करून तुरीच्या घट्ट वरणात मुरवली, वर चमचाभर तूप किंवा तेल घातलं आणि लिंबाचे चार थेंब पिळले, की सातव्या महिन्यातल्या बाळाचं जेवण तयार. ज्वारीच्या कण्या मुगाच्या डाळीबरोबर मऊ शिजवा. मटकी किंवा मूग मोड आणून, शिजवून, घोटून द्या. मोड आल्याने त्यातलं लोह शरीराला जास्त लागू पडतं. शेंगदाण्याचा आणि तिळाचा बारीक कूट भाजीत, वरणात, खिरीत घाला. अख्खा शेंगदाणा मात्र चार-पाच वर्षांच्या आतल्या लेकराच्या हाती देऊ नका, तो घशात अडकतो.

पालेभाज्या तर आपल्याकडे बारा महिने या ना त्या रूपात असतात. मेथी, शेपू, तांदुळजा, करडई, हरभऱ्याची कोवळी भाजी, पावसाळ्यात तरोटा, घोळ, आणि अंबाडी. अंबाडी डाळीत घालून लोखंडी कढईत शिजवली तर तिच्या आंबटपणाने कढईतलं थोडं लोहही भाजीत उतरतं. ॲल्युमिनियम आणि नॉनस्टिक आल्यावर लोखंडी कढई माळ्यावर गेली, ती खाली काढण्यासारखी आहे. तामसा येथील बारालिंग देवस्थानची संक्रांतीनंतरची भाजी-भाकरीची पंगत साऱ्या पंचक्रोशीला माहीत आहे. कितीतरी भाज्या एकत्र शिजतात आणि गावोगावच्या भाकऱ्या येतात. तसं एकत्र शिजवलेलं, दोन-तीन भाज्या आणि डाळ असलेलं कालवण रोज वाटीभर लेकरासाठी बाजूला काढलं, तिखट घालायच्या आधी, तर वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही.

आता थोडा हिशेब. १०० ग्रॅम ज्वारीत लोह साधारण ४ मिलिग्रॅम, तुरीच्या डाळीतही तेवढंच. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ८ मिलिग्रॅम लागतं. दीड वर्षाचं लेकरू दिवसभरात फार तर ६० ग्रॅम ज्वारी आणि २५ ग्रॅम डाळ खातं. म्हणजे साडेतीन मिलिग्रॅमच्या आतच. त्यातलंही धान्या-डाळीतलं लोह अंगी कमी लागतं. म्हणून दोन गोष्टी लागतात. जे आहे ते अंगी लागावं म्हणून जेवणाबरोबर आंबट फळ, म्हणजे लिंबू, आवळा, पेरू, संत्री, आणि उरलेली तूट भरायला लोहाचं औषध. नुसत्या आहाराने सगळं होईल असं सांगणारे लेख मी वाचले आहेत. या वयाच्या लेकराच्या बाबतीत ते खरं नाही.

बीट आणि डाळिंब यांच्या लाल रंगाने रक्त वाढतं, ही समजूत खूप घरांत आहे. दोन्हींत लोह अगदी थोडं असतं. फळ म्हणून डाळिंब जरूर द्या, पण रक्तासाठी त्यावर पैसे घालवू नका; त्या पैशांत आठवडाभराची अंडी येतात. खाणाऱ्यांच्या घरी अंडं, मासे, आणि आठवड्यातून एकदा शेळीच्या काळजाचा चांगला शिजवून घोटलेला तुकडा, याला तोड नाही. मांसातलं लोह सगळ्यांत सहज अंगी लागतं आणि बरोबरच्या भाकरीतलंही लागायला मदत करतं. बऱ्याच घरांत मटण शिजतं, पण लेकराला फक्त रस्सा मिळतो. बारीक केलेला तुकडाच त्याला द्या.

जी घरं माळकरी आहेत किंवा मांसाहार करत नाहीत, त्यांनी एका वेगळ्या कमतरतेकडे लक्ष द्यावं. ब-१२ जीवनसत्त्व भाजीपाल्यात नसतं. दूध, दही, ताक यांत थोडं असतं. आईच्या आहारात तेही नसेल तर अंगावर पिणाऱ्या बाळाला ते मिळत नाही. असं बाळ मलूल होतं, हसायचं थांबतं, बोटांची पेरं काळवंडतात, केस विरळ होतात, आधी बसणारं बाळ बसेनासं होतं, कधी हात थरथरतात. यावर साधा उपाय आहे, पण तो तातडीने करावा लागतो.

आपल्या रानात सोयाबीन मुबलक पिकतं आणि जवळपास सगळं मोंढ्यावर जातं. वर्षाच्या पुढच्या लेकरासाठी चार-पाच किलो घरी ठेवायला हरकत नाही. कच्चं सोयाबीन पचत नाही, म्हणून ते उकळत्या पाण्यात शिजवून, वाळवून, भाजून दळायचं आणि ज्वारीच्या नऊ भाग पिठात एक भाग मिसळायचं. लोहापेक्षा प्रथिनांसाठी त्याचा उपयोग मोठा आहे, आणि वजन न भरणाऱ्या लेकराला प्रथिनंही तितकीच हवी असतात.

दोन गोष्टी मात्र थांबवाव्यात. एक चहा. चहातल्या तुरट द्रव्यामुळे जेवणातलं लोह आतड्यातच अडकून बाहेर जातं. लेकराला चहा नकोच, बिस्कीट बुडवूनही नको. दुसरं, वरचं दूध. वर्षाच्या आत गाईम्हशीचं दूध हे मुख्य अन्न होऊ देऊ नका. त्यात लोह नगण्य आहे आणि काही बाळांच्या आतड्यातून त्याने सूक्ष्म रक्तस्रावही होतो. वर्षानंतर दिवसाला अर्ध्या लिटरच्या आतच ठेवा. बाटलीवर वाढलेलं गुटगुटीत बाळ आणि तळहात पांढरेफटक, हे अनेकदा दिसतं. गुटगुटीत लेकराला रक्तक्षय नसतो, असं समजू नका. दहा रुपयांचे तळलेले पुडे दुकानाच्या दारावर टांगलेले असतात, त्यांनी भूक मरते, एवढं सांगून पुढे जातो.

ओळखायचं कसं, आणि औषध

तळहात, खालच्या पापणीची आतली बाजू, जीभ आणि नखं उजेडात बघा. ज्या मोठ्या माणसाचं रक्त तपासून चांगलं निघालं आहे, त्याच्या तळहाताशेजारी लेकराचा तळहात धरून बघा. आईशी तुलना करून फसगत होते, कारण तिचंच रक्त कमी असू शकतं. किरकिर, भूक नसणं, खेळता खेळता बसून राहणं, वरचेवर सर्दी-ताप, आणि माती, खडू, भिंतीचे पोपडे खाणं, या खुणा असतील तर दृष्ट काढून थांबू नका. माती खाणाऱ्या लेकराला मारूही नका. लोह कमी पडल्यावर अशी वासना होते.

पण डोळ्यांनी सौम्य रक्तक्षय कळत नाही. हिमोग्लोबिन मोजून घ्यावंच लागतं. आशाताई किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा हदगावच्या उपजिल्हा रुग्णालयात तपासा. पाच वर्षांच्या आत १० ते ११ ग्रॅमच्या मधे असेल तर सौम्य, ७ ते १० मध्यम, ७ च्या खाली तीव्र. ७ च्या खाली आलं, किंवा लेकराला धाप लागते, छाती जोरात धडधडते, पाय सुजलेत, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. गरज पडली तर पुढे नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवतात.

ज्या लेकराला रक्तक्षय नाही, त्यालाही ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात लोहाचं औषध मिळतं. सहा महिने ते पाच वर्षं वयापर्यंत आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर, त्यात २० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक ॲसिड. बाटली फुकट मिळते. वार ठरवून घ्या, म्हणजे चुकत नाही. रक्तक्षय आधीच झाला असेल तर मात्र हा डोस पुरत नाही. रोज द्यायचं औषध वजनावरून डॉक्टर ठरवतात आणि साधारण दोन महिने चालवतात. महिन्याने पुन्हा तपासल्यावर हिमोग्लोबिन एक ग्रॅमच्या आसपास तरी वाढलेलं दिसायला हवं. आकडा बरोबर आला म्हणून लगेच औषध बंद करू नका, रिकामा झालेला साठा अजून भरायचा असतो.

औषध जेवणानंतर तासाभराने द्या, दुधाबरोबर नको. शी काळी होते, ते अपेक्षित आहे. दातांवर डाग पडू नयेत म्हणून जिभेच्या मागे सोडा आणि वरून पाणी पाजा. पहिले काही दिवस पोट बिघडल्यासारखं वाटलं तर डॉक्टरांना विचारून वेळ बदलता येते. औषध गरम पडतं म्हणून उन्हाळ्यात बंद करणारी पुष्कळ घरं आहेत; उन्हाळ्याचा आणि त्याचा काही संबंध नाही. अंगात ताप असेल तेवढे दिवस थांबा, उतरला की पुन्हा सुरू करा. आणि बाटली लेकरांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. गोड औषध म्हणून एखाद्याने बाटली तोंडाला लावली तर जिवावर बेतू शकतं. तसं झालं तर लगेच दवाखान्यात न्या.

गावात अशक्तपणा म्हटला की सलाईन लावायची पद्धत पडली आहे. सलाईनमध्ये पाणी, मीठ, फार तर साखर असते. तिने रक्ताचा एक थेंब वाढत नाही. रोजंदारीचे चारपाचशे रुपये त्यात जातात आणि खरं औषध राहून जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

जंतांकडेही बघा. अनवाणी, ओल्या मातीत खेळणाऱ्या मुलांच्या तळव्यांतून अंकुशकृमी (हुकवर्म) हे जंत शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. वर्षातून दोनदा जंतनाशक दिन असतो, साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी गोळी कुटून, त्यापुढे एक. त्याबरोबर चप्पल, साबण आणि संडासाचा वापर हवाच, नाहीतर जंत परत येतात.

दोन महिने औषध नीट देऊनही रक्त वाढत नसेल तर कारण दुसरं असू शकतं. हदगावच्या ईशान्येला किनवट-माहूरचा आदिवासी पट्टा आहे. सोयरिकी, मजुरीमुळे माणसांची ये-जा असते. सिकलसेल हा आनुवंशिक आजार गोंड, परधान यांच्यासह इतरही समाजांत आढळतो. बाळाचे हातपाय अचानक सुजून दुखणं, डोळे वारंवार पिवळे होणं, घरात कुणाला असा त्रास असणं, या गोष्टी असतील तर सिकलसेलची तपासणी करून घ्या, सरकारी केंद्रात ती मोफत होते. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्या लेकराला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाचं औषध देऊ नये.

वजनाचं काय?

रक्त आणि वजन एकत्र बघायला हवं. राज्यात पाच वर्षांच्या आतली ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने हडकुळी आहेत, हेही त्याच २०१९–२१ च्या सर्वेक्षणातलं. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून घ्या आणि ताईंना विचारा, रेघ वर चालली का आडवी झाली. सलग दोन महिने रेघ आडवी म्हणजे लगेच लक्ष द्यायची वेळ. दंडाची पट्टी ११.५ सेंटिमीटरच्या खाली, लाल रंगात आली तर लेकरू तीव्र कुपोषित आहे. अशा लेकराला गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रात किंवा जिल्ह्यातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावं लागतं. तीव्र कुपोषणात सुरुवातीच्या दिवसांत लोहाचं औषध देत नाहीत, त्याने अपाय होतो; आधी जंतुसंसर्ग आवरतात, भूक परत आणतात, वजन वाढायला लागलं की मग लोह. म्हणून हडकुळ्या लेकराला घरीच लोह पाजत राहू नका.

अंगणवाडीतून येणारा घरपोच आहार घरातल्या सगळ्यांनी वाटून खाल्ला जातो, किंवा चव आवडत नाही म्हणून म्हशीपुढे पडतो. त्यातली डाळ आणि धान्य लेकराच्या नावाच्या डब्यात वेगळं ठेवा. किनवट-माहूरच्या पट्ट्यात ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून लेकरांना अंडी, केळी मिळतात. ती अंगणवाडीतच खायला घाला.

दिवाळीनंतर कोणी ऊसतोडीला, कोणी वीटभट्टीवर, कोणी हैदराबादला बांधकामावर जातं. तेव्हा माता-बाल संरक्षण कार्ड, लोहाच्या औषधाची बाटली आणि शेवटच्या रक्त तपासणीचा कागद बरोबर घ्या. निघण्याआधी अंगणवाडी ताईंना सांगा, म्हणजे अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपवरची नोंद पुढच्या गावी वापरता येते. तिथे पोचल्यावर पहिल्या आठवड्यात जवळची अंगणवाडी शोधा. परगावच्या लेकरालाही आहार आणि वजनकाट्याचा हक्क आहे, कोणी नाही म्हटलं तर कार्ड दाखवा. परत आल्यावर वजन आणि हिमोग्लोबिन दोन्ही पुन्हा मोजून घ्या, आणि आईचंही.